सतरा शेकेल आणि एक शर्ट

मंगळवार, रात्री

आज बाबांनी वाडग्याच्या काठाला कपडे वाळत घालायचे चार चिमटे लावले. पाचवा बोटांतून निसटला आणि पलंगाखाली गेला. मी वाकून तो काढेपर्यंत त्यांनी डाव्या हाताने वाडगा दूर सारला होता. "पुरे," म्हणाले. पक्षाघाताला सात महिने झाले. खांदा हलतो, कोपर हलतं, उजव्या हाताची बोटं मात्र त्यांच्या स्वतःच्या मनात असेल तेव्हाच बाबांचं ऐकतात.

संध्याकाळी आमच्या चर्चच्या मंडळीतले लोक प्रार्थनेला आले होते. जाताना एकांनी बायबलमधलं यिर्मया 29:11 ऐकवलं, तेच ते, देवाचे संकल्प हिताचे आहेत हे. म्हणाले प्रेमानेच, पण मला आतून चीड आली. हे वचन फ्रेम करून भिंतीवर लावणारे त्याच्या आधीचं वचन वाचतच नाहीत का? दहाव्या वचनात सत्तर वर्षं लिहिली आहेत. बाबेलात कैद करून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने पत्रात सांगितलं की घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा. म्हणजे सुटका एवढ्यात नाही. ते पत्र ऐकणाऱ्यांतले बरेचसे तिथेच मेले असणार.

यातलं काही मी बोलले नाही. त्यांना दारापर्यंत सोडून आले.

गुरुवार

तीन चिमटे. दोघंही गप्प.

शनिवार

बाबांचं कपाट आवरायला काढलं. बटणांचे अकरा शर्ट निघाले. आता टी-शर्टच चढवावे लागतात, मग हे कशाला जागा अडवून बसलेत, म्हणून पिशवीत भरले. पिशवी दाराशी ठेवली आणि मग काही सुचेना, म्हणून यिर्मयाच पुन्हा उघडला. या वेळी 32वा अध्याय.

यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला. शहर पडणार असं स्वतः यिर्मयाच सांगतोय आणि त्यापायी राजाने त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात डांबलंय. अशात चुलतभाऊ हनामेल येतो, अनाथोथचं माझं शेत विकत घे म्हणतो. वेढ्याच्या दिवसांत शेताला दुसरं गिऱ्हाईक कुठलं मिळणार? यिर्मया सतरा शेकेल चांदी तागडीत तोलून देतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, आणि खरेदीखतं खूप दिवस टिकावीत म्हणून मातीच्या मडक्यात ठेवायला लावतो. एवढं सगळं झाल्यावर मग तो प्रार्थनेला बसतो आणि देवालाच विचारतो, शहर शत्रूच्या हाती जातंय आणि तू मला शेत घ्यायला सांगितलंस?

मला हा क्रम फार आवडला. आधी पैसे मोजले, शंका नंतर काढली. मी नेमकं उलटं करते. मन शांत होईल, खात्री वाटेल, मग काय ते करू, अशी वाट बघत बसते.

मराठीत आशेचं नाव तसं फार चांगलं नाही. ती वेडी असते, भाबडी असते, कुणी कुणाला आशेला लावतं. हिब्रूत आशेसाठी जो 'तिक्वा' शब्द आहे, तोच यहोशवाच्या दुसऱ्या अध्यायात राहाबेने घरादाराचा जीव वाचावा म्हणून खिडकीला बांधलेल्या लाल दोरीसाठी आलाय. आपली आशा मनात असते, तिची खिडकीला बांधलेली होती. (इब्री लोकांस पत्रात आशेला जिवाचा नांगर म्हटलंय. लहानपणी मला तो शेतात चालवायचा नांगर वाटायचा, जहाजाचा आहे हे फार उशिरा कळलं. अनाथोथच्या शेतापाशी माझा चुकीचा नांगरही चालून जाईल.)

रविवार

उपासनेहून आल्यावर पिशवीतून एक शर्ट परत काढला. निळ्या चौकड्यांचा, वरचं बटण लोंबत होतं. दोरा दुहेरी घेऊन ते पक्कं शिवलं.

बोटं परत येतील असं मला वाटतं का? खरं सांगायचं तर ठाऊक नाही. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा होते त्या वेगाने पुढे होत नाही, हे डॉक्टरांनी लपवलेलं नाही. पण रोमकरांस पत्राच्या 8व्या अध्यायात, न दिसणाऱ्या गोष्टीची आशा धरायला पौल सांगतो, त्याच्या एकच वचन आधी शरीराच्या मुक्तीचं बोलतो. शरीराच्या, नुसत्या आत्म्याच्या नाही. म्हणजे बाबांचा हा हातही त्यात धरलाय. तो कधी उघडणार, इथे की पुनरुत्थानाच्या दिवशी, ते माझ्याकडे नाही. शर्ट माझ्याकडे आहे.

तो त्यांच्या मांडीवर ठेवला. "हा अजून आहे?" म्हणाले. उजव्या अंगठ्याने बटण चाचपलं, काजाकडे ढकललं. मी हात पदराखाली घट्ट धरून बसले, नाहीतर लावूनच दिलं असतं. बटण अर्धं आत गेलं आणि परत सुटलं. दोनदा. तिसऱ्यांदा त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं.

"दोरा जरा लांब सोडायचास गं," म्हणाले, "धरायलाच येत नाही ते."