पुराव्याचे मोल: बेसबॉलच्या जुन्या सामानाची पारख आणि विक्री, माझा अनुभव

अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या आजींचे यजमान वारले, तेव्हा तळघरातल्या एका लोखंडी पेटीचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला. मी व्यवसायाने हिशेबतपासनीस असल्यामुळे आजींनी तो माझ्यावर सोपवला. त्यांचे यजमान सत्तरच्या दशकात थ्री रिव्हर्स स्टेडियममध्ये पिट्सबर्ग पायरेट्स संघाच्या खेळाडूंचे कपडे आणि सामान सांभाळायच्या कामावर होते. पेटीत एक तडा गेलेली बॅट, एक चपट्या डोक्याची टोपी, काही मळकट चेंडू आणि जुन्या पगारपावत्यांचा गठ्ठा होता. बॅटवर विली स्टारजेल हे नाव कोरलेले होते. पिट्सबर्गमध्ये या माणसाला आजही घरच्या वडीलधाऱ्यासारखा मान आहे. ४७५ होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेर जाणारे फटके, मारणारा, १९७९ मध्ये वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी संघाला वर्ल्ड सीरिज ही अजिंक्यपदाची मालिका जिंकून देणारा आणि १९८८ मध्ये हॉल ऑफ फेम या थोर खेळाडूंच्या सन्मानदालनात गेलेला हा खेळाडू. साहजिकच सगळ्यांचे लक्ष बॅटवर खिळले. टोपीकडे सुरुवातीला कोणी पाहिलेही नाही.

आजींनी पहिल्याच दिवशी ओले फडके आणि लाकडाला लावायचे पॉलिश काढून ठेवले होते. ते मी आधी बाजूला ठेवायला लावले, आणि या सगळ्या खटाटोपात माझ्या हातून झालेले सर्वांत उपयोगी काम हेच होते असे मला अजूनही वाटते. खेळात वापरलेल्या बॅटवरची घाण म्हणजेच तिचा पुरावा असतो. पकड घट्ट राहावी म्हणून मुठीवर लावलेल्या पाइन टारचा काळपट चिकट थर, चेंडू आदळून उमटलेले शिवणीचे ठसे, बुटांच्या खिळ्यांनी पडलेले खळगे, संघाच्या बॅटा ठेवायच्या मांडणीचा रंग घासून उठलेला पट्टा, हे सारे पुसले गेले की हाती फक्त एक जुने लाकूड उरते.

खेळाडूचे नाव कोरलेली बॅट म्हणजे त्या खेळाडूने वापरलेली बॅट, असा समज सर्वत्र आहे. तो खरा नाही. हिलरिच अँड ब्रॅड्सबी ही लुईव्हिल स्लगर बनवणारी कंपनी नामवंत खेळाडूंच्या सह्या कोरलेल्या बॅटा दुकानांतूनही विकत असे. त्या हजारोंनी निघाल्या आणि त्यांना संग्राहकांच्या बाजारात फारशी किंमत नाही. दुकानी बॅटच्या मुठीकडील टोकावर बहुधा लांबीचा सुटसुटीत आकडा ठोकलेला असतो, तर व्यावसायिक खेळाडूच्या बॅटवर त्याच्या पसंतीच्या घडणीचा अक्षर-आकडी क्रमांक असतो. हा क्रमांक सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत मुठीच्या टोकावर असे आणि पुढे जाड भागावर आला. याखेरीज एक तिसरा प्रकार असतो: खेळाडूसाठीच बनवलेली, संघाकडे पोहोचलेली, पण मैदानात न उतरलेली बॅट. ती अस्सल असते, पण खेळात वापरलेली नसते, आणि भावात मोठा फरक पडतो तो इथेच.

आमच्या बॅटच्या मधल्या शिक्क्यात हिलरिच अँड ब्रॅड्सबी हे नाव होते. १९७९-८०च्या सुमारास त्या जागी लुईव्हिल स्लगर हे नाव आले. घडणीचा क्रमांक जाड भागावर होता, म्हणजे बॅट सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातली ठरली. मुठीच्या टोकावर मार्कर पेनाने ८ हा आकडा काढलेला होता आणि स्टारजेलचा क्रमांक ८ होता. पण मार्कर पेन कोणाच्याही घरी असतो, त्यामुळे एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही, हे मला ज्यांच्याकडे बॅट पाठवली त्या पारख्यांनी फोनवर शांतपणे समजावून सांगितले.

त्यांनी नेमके काय तपासले ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. बॅट अॅश लाकडाची होती. हे लाकूड पेनसिल्व्हेनिया आणि न्यू यॉर्क राज्यांच्या जंगलांतून येते. अॅशच्या बॅटवर कंपनीचा शिक्का लाकडाच्या कमकुवत अंगावर मारतात आणि फलंदाज तो शिक्का वर ठेवून खेळतो, म्हणजे चेंडू मजबूत अंगावर बसतो. आता शिक्का वर ठेवला आणि मुठीकडून टोकाकडे पाहिले, तर उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बॅटवर चेंडूचे ठसे डावीकडे गोळा होतात आणि डावखुऱ्याच्या बॅटवर उजवीकडे. स्टारजेल डावखुरा होता. आमच्या बॅटवरचे शिवणीचे ठसे उजव्या अंगाला दाटीने होते, एक-दोन पुसट ठसे तेवढे दुसरीकडे. भिंगाखाली पाहिले तर चेंडूच्या टाक्यांची तिरकी नक्षी लाकडात दबलेली स्पष्ट दिसत होती, आणि तडा मुठीच्या वर, जिथे फलंदाजाच्या अंगाजवळ आलेल्या चेंडूने बॅट तुटते, तिथेच होता. त्यानंतर पारख्यांनी कंपनीच्या जुन्या नोंदवह्यांच्या प्रतींशी मेळ घातला. कोणत्या खेळाडूने कोणत्या वर्षी कोणत्या घडणीच्या, किती इंच लांबीच्या आणि किती औंस वजनाच्या बॅटा मागवल्या, हे त्या नोंदींत सापडते. लांबी आणि घडण जुळली. वजन थोडे कमी भरले, पण कोरड्या तळघरात वर्षानुवर्षे पडून लाकूड हलके होते, हे ते गृहीत धरतात.

एवढे सगळे होऊनही प्रमाणपत्रात लिहून आले ते इतकेच, की ही बॅट त्या काळातली असून तिच्यावरच्या खुणा स्टारजेलच्या वापराशी सुसंगत आहेत. सुसंगत या शब्दाच्या पुढे कोणी जायला तयार नव्हते, आणि मला ते योग्य वाटले. डावखुऱ्या सहकाऱ्याने सरावात तीच बॅट उचलली असती तरी खुणा अशाच उमटल्या असत्या.

या क्षेत्रात इतकी काटेकोर वृत्ती आली, त्याला कारण आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बनावट सह्यांचा बाजार एवढा माजला होता, की एफबीआयला त्याविरुद्ध ऑपरेशन बुलपेन नावाची मोठी मोहीम उघडावी लागली. त्यानंतर २००१ पासून मेजर लीग बेसबॉल या तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक संघटनेने स्वतःची साक्षांकनाची पद्धत सुरू केली. बहुतांशी पोलीस दलात काम केलेली माणसे सामन्याला हजर राहतात, त्यांच्या डोळ्यांदेखत वापरात आलेल्या वस्तूवर क्रमांक असलेली होलोग्रामची पट्टी चिकटवतात, आणि तो क्रमांक पुढे कोणालाही तपासता येतो. आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात सातबारा उताऱ्याचे जे स्थान आहे, तेच या बाजारात त्या पट्टीचे आहे. १९ सप्टेंबर २०२४ रोजी मायामीत शोहेई ओहतानी या नामवंत जपानी खेळाडूने हंगामातला पन्नासावा होमरन मारला. तो चेंडू ४३ लाख ९२ हजार डॉलरना विकला गेला. त्याच सामन्यात वापरलेले बाकीचे चेंडूही त्याच कारखान्यातले आणि तेवढ्याच टाक्यांचे होते.

आमच्या पेटीतल्या चेंडूंचे त्या बाकीच्या चेंडूंसारखेच झाले. त्यांच्यावर रॉलिंग्ज कंपनीचे नाव आणि मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक असलेल्या नॅशनल लीगचे तेव्हाचे अध्यक्ष चार्ल्स फीनी यांच्या सहीचा छाप होता. रॉलिंग्जकडे हे काम १९७७ मध्ये आले आणि फीनी १९८६ पर्यंत पदावर होते, म्हणजे काळ आपोआप ठरला. मळकटपणाही अस्सल होता. नवा चेंडू हातातून निसटू नये म्हणून सामन्याआधी त्याला डेलावेअर नदीच्या परिसरातला चिखल चोळतात, त्याची ती करडी छटा होती. पण कोणत्या सामन्यातले, कोणी टाकलेले, कोणी मारलेले, हे सांगणारे काहीच नव्हते. ते आम्ही विक्रीला काढले नाहीत.

टोपीची गोष्ट मात्र वेगळी निघाली. १९७६ पासून पायरेट्सचे खेळाडू जुन्या धाटणीच्या, चपट्या डोक्याच्या आणि आडव्या पट्ट्यांच्या टोप्या घालत. चांगला खेळ केलेल्या सहकाऱ्याला स्टारजेल भरतकामाचा एक सोनेरी तारा देई आणि तो तारा टोपीवर चढे. १९७९ च्या विजयी हंगामातली या संघाची छायाचित्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना ते तारे नक्की आठवतील. आमच्या टोपीवर असे तारे होते आणि आतल्या घामाच्या पट्टीवर एका राखीव खेळाडूचा क्रमांक लिहिलेला होता. त्या खेळाडूचे नाव बेसबॉलच्या जाणकारांखेरीज कोणाला ठाऊक असेल असे नाही. गावातल्या जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने आम्हाला आधीच सांगून टाकले होते, की स्टारजेलची बॅट घेतो आणि टोपी वर फुकट टाकून द्या. त्याचा एकरकमी भाव ऐकून आजी जवळजवळ तयारही झाल्या होत्या. त्यांना थोडे थांबा म्हणताना मला फार संकोच वाटला, कारण वस्तू त्यांच्या होत्या आणि त्यांना पैशांची निकड होती.

तारे एकसारखे असले तरी प्रत्येक टोपीवर ते हाताने लावलेले, त्यामुळे कोणत्याही दोन टोप्यांवर ते सारख्या जागी बसत नाहीत, आणि आडव्या पट्ट्यांमुळे त्यांची जागा मोजणे सोपे होते. आमच्या टोपीवरच्या एका ताऱ्याचे खालचे टोक पट्ट्याच्या रेघेला जेमतेम शिवत होते, त्याच्या शेजारचा तारा किंचित घड्याळाच्या दिशेने कलला होता आणि तिसऱ्याच्या कडेला एक टाका सुटून दोरा वर आला होता. जुनी छायाचित्रे वस्तूशी ताडून पाहणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे अशा एका संस्थेकडे आम्ही टोपी पाठवली. त्यांनी वृत्तसंस्थांच्या संग्रहांतले मूळ छायाचित्र मोठ्या आकारात मिळवले, आणि डगआउटच्या, म्हणजे मैदानाकडेला खेळाडूंनी बसायच्या जागेच्या, कठड्याला टेकून उभ्या असलेल्या त्या खेळाडूच्या डोक्यावर तीच टोपी निघाली: रेघेला शिवणारे टोक तेच, कललेला तारा तोच. अहवालात दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवून बाणांनी खुणा दाखवल्या होत्या. तो अहवाल मी आजींना वाचून दाखवला तेव्हा मलाही आनंद लपवता आला नाही.

अशा जुळणीने काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण बेब रूथ या जुन्या काळच्या विख्यात फलंदाजाच्या जर्सीचे आहे. १ ऑक्टोबर १९३२ रोजी शिकागोच्या रिगली फील्डवर वर्ल्ड सीरिजच्या तिसऱ्या सामन्यात रूथने आधी बोटाने दिशा दाखवून मग होमरन मारला असे म्हणतात. त्या सामन्यातली जर्सी २००५ मध्ये ९ लाख ४० हजार डॉलरना गेली होती. त्याच सामन्यातल्या छायाचित्रांशी ती जुळल्यानंतर २०२४ मध्ये हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात तिला २ कोटी ४१ लाख २० हजार डॉलर मिळाले. मधल्या काळात बाजारही चढला होता, पण पुराव्याचा वाटा त्यात मोठा होता असे माझे ठाम मत आहे.

लिलावगृहाने वस्तू स्वीकारण्याआधी विचारलेला प्रश्न मला अपेक्षित नव्हता: हे सामान तुमच्या यजमानांच्या मालकीचे कसे झाले? त्या काळी तुटलेल्या बॅटा आणि हंगामाअखेरचे सामान कर्मचाऱ्यांना देऊन टाकण्याची पद्धत होती, पण ती शब्दावर चालत असे. इथे त्या पगारपावत्या कामी आल्या. त्यांच्यावरून नोकरीचा काळ सिद्ध झाला. आजींनी आपल्याला माहीत आहे तेवढेच, पदरचे काही न घालता, निवेदनात लिहिले आणि ते नोटरीसमोर सही करून दिले. अशा निवेदनात आठवणींना फुलोरा फुटण्याचा धोका असतो. अमुक सामन्यानंतर विलीने स्वतःच्या हाताने दिली, असे वाक्य घालण्याचा मोह एका नातेवाइकाला झाला होता. मी ते खोडले. एक वाक्य खोटे ठरले की खरे असलेले सगळे कागदही संशयात सापडतात.

लिलावगृह ग्राहकाकडून बोलीवर साधारण २० टक्के अधिभार घेते आणि विक्रेत्याकडून वेगळे कमिशन मागते. विक्रेत्याचे कमिशन बोलून कमी करता येते आणि ते जरूर बोलावे. पाठवणीच्या विम्याचा खर्च कोण करणार, किमान किंमत ठेवायची की नाही आणि वस्तू न विकल्यास परत पाठवणीचे पैसे कोणाकडे, हे मी करारात लिहून घेतले. बॅट आणि टोपी एकाच गठ्ठ्यात न विकता वेगवेगळ्या ठेवण्याचा आग्रहही आम्ही धरला.

दोन्ही वस्तूंना चार आकडी डॉलर किंमत आली. बॅट पुढे राहिली, तो स्टारजेलच्या नावाचा मान होता, परंतु त्या राखीव खेळाडूची टोपी तिच्या अगदी जवळ येऊन थांबली आणि व्यापाऱ्याने संपूर्ण पेटीला सांगितलेल्या रकमेच्या कितीतरी पुढे गेली. बोली लावणाऱ्यांनी आधी मागवून घेतला तो टोपीचा अहवाल, असे लिलावगृहाने कळवले.

उरला कराचा भाग, आणि तो माझ्या धंद्यातला असल्याने मी त्यात कसूर ठेवली नाही. अमेरिकेत संग्राह्य वस्तूंवरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्याला कमाल २८ टक्के दराने कर लागतो, म्हणजे शेअरपेक्षा जास्त. पण वारसाहक्काने आलेल्या वस्तूची मूळ किंमत मालकाच्या मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाने धरली जाते आणि पेनसिल्व्हेनियात पतीकडून पत्नीकडे आलेल्या मालमत्तेवर वारसा कर शून्य आहे. म्हणून त्या तारखेचे लेखी मूल्यांकन आम्ही विक्रीआधीच मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून घेतले आणि पारखीचे अहवालही त्याला जोडले. विक्रीची रक्कम आणि ते मूल्यांकन यांत फारसे अंतर पडले नाही, शिवाय विक्रीचा खर्च वजा झाला, त्यामुळे आजींना या व्यवहारावर जवळपास काहीच कर भरावा लागला नाही.