एमसीबी सारखी पडते म्हणून मोठी बसवू नका

"एमसीबी सारखी पडत होती, वायरमनला सांगून सोळा अँपिअरच्या जागी बत्तीसची टाकून घेतली, आता काही त्रास नाही" असं कोणी सांगितलं की माझ्या पोटात गोळाच येतो. अहो एमसीबी (बोर्डातला, करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा म्हणजे 'पडणारा' स्विच) गिझर किंवा एसी वाचवायला नसते, ती भिंतीतली वायर वाचवायला असते! आत वायर अडीचचीच (म्हणजे अडीच चौरस मिमी जाडीची) आहे, तिला ३२ अँपिअर झेपत नाहीत, ती प्लास्टरच्या आत तापत राहणार आणि एमसीबी मात्र ढिम्म हलणार नाही.

हिशोब सोपा आहे. वस्तूच्या स्टिकरवर वॅट लिहिलेले असतात त्याला २३० ने भागायचं, आला करंट. २००० वॅटचा गिझर म्हणजे ८.७ अँपिअर, १००० ची इस्त्री साधारण ४.३, ३००० चा इन्स्टंट गिझर १३. पाण्याच्या पंपाचं जरा वेगळं, १ एचपी म्हणजे ७४६ वॅट हे खरं पण ते मोटरच्या शाफ्टवर मिळतात, लाईनमधून ती त्याहून जास्त ओढते, आणि पॉवर फॅक्टरमुळे (मोटर ओढते तो सगळा करंट कामी येत नाही) करंट अजून वाढतो.

आता सकाळी डब्याच्या घाईतलं किचन बघा. इंडक्शन २०००, मायक्रोवेव्ह १२०० (८०० लिहिलेलं असतं ते पदार्थाला मिळणारे, ओढतो त्याहून जास्त), मिक्सर ७५०, झाले ३९५० वॅट, म्हणजे १७.२ अँपिअर, आणि हे सगळं एकाच १६ च्या एमसीबीवर. लोकांना वाटतं १६ च्या वर गेलं की लगेच पडेल, तसं नसतं. घरगुती एमसीबी तिच्या आकड्याच्या १.१३ पट करंटला तासभर तरी पडायची नाही असंच स्टँडर्ड आहे, १.४५ पटीला तासाभरात पडायलाच हवी. म्हणजे १८ अँपिअरपर्यंत ती गप्प बसू शकते, आणि म्हणूनच त्या लाईनला कोणी दीडची वायर ओढून ठेवली असेल तर मला काळजी वाटते. दीडला १०, अडीचला १६ हे धरून चालावं. इंडक्शनला डीबीपासून (सगळ्या एमसीबी असतात तो मुख्य बोर्ड) वेगळी लाईन घ्या, खर्च होतो पण घ्याच.

आणि एक गोष्ट एमसीबीला कधीच कळत नाही, ती म्हणजे लूज कनेक्शन. सॉकेटमधला स्क्रू ढिला होऊन तिथे नुसता अर्धा ओहम रेझिस्टन्स आला तरी गिझरच्या ८.७ अँपिअरला त्या एका टोकाशी जवळजवळ ३८ वॅट उष्णता तयार होते (करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स), साधी छोटी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते यावरून अंदाज करा. करंट मात्र नेहमीएवढाच, त्यामुळे एमसीबी पडायचा प्रश्नच नाही. गिझर बंद केल्यावर प्लग हाताला गरम लागला किंवा पिन काळी पडलेली दिसली तर तो पॉइंट वापरणं थांबवा आणि सॉकेट बदलून घ्या, प्लगसकट.