एका पंखाची घार

संक्रांत आली की मुंबईत घारी मांज्यात अडकायला लागतात. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्येच बंदी घातली, तरी तो झाडांवर आणि तारांवर लटकतोच आहे. घारीच्या खांद्यापासून मनगटापर्यंत ताणलेली पातळ कातडी असते आणि तिच्या पुढच्या कडेतून एक स्नायुबंध जातो. मांजा बहुतेक वेळा तिथेच रुततो. स्नायुबंध तुटला, तर हाड शाबूत असूनही पंख पुरता उघडत नाही.

अशी घार सापडली तर मांजा ओढू नका. दोन्ही बाजूंनी कापा, अंगातला गुंता तसाच राहू द्या. जाड टॉवेल टाकून नख्यांसकट पाय धरा, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा आणि 1926 वर वनखात्याला कळवा. चोचीत पाणी अजिबात ओतू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी थेट फुप्फुसात जातं. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार 48 तासांत वनअधिकाऱ्याला किंवा पोलिस ठाण्याला कळवणं बंधनकारक आहे. घरी दोन आठवडे पंख बांधून ठेवलात, तर ती कातडी आखडते आणि वाचू शकणारी घार कायमची पिंजऱ्यात जाते.

पंख कापावाच लागला तर? 'जीव तर वाचला' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. कोपराच्या वर पंख कापलेल्या घारीचा तोल जातो, ती दांडीवरून पडत राहते आणि उरलेला खुंट पुन्हा पुन्हा फुटतो. एकाच जाडीच्या गुळगुळीत दांडीवर बसून तळव्यांना गाठी येतात, त्या पिकतात, संसर्ग हाडापर्यंत जातो. काथ्या गुंडाळलेल्या, वेगवेगळ्या जाडीच्या दांड्या हव्यात. जाळीवर आपटून शेपटीची पिसं मोडतात, म्हणून भिंती कापडाच्या किंवा उभ्या बांबूंच्या असाव्यात. एवढं करूनही काही घारी माणूस दिसला की दरवेळी आपटून घेतात. अशा घारीला वेदनारहित मरण देणं मला दयेचं वाटतं, आणि तो निर्णय पशुवैद्याने सुरुवातीलाच घ्यावा, पिंजऱ्यात वर्षं गेल्यावर नव्हे.

जी शांत राहते, खाते, तिला ठेवण्याला मात्र अर्थ आहे. उन्हाळ्यात घरट्यातून पडलेली पिल्लं तिच्या शेजारच्या पिंजऱ्यात ठेवली, तर ती माणसाला नाही, घारीला आपलं मानतात. नुसतं बोनलेस चिकन देऊ नका, हाडं मऊ पडतात. हाडासकट बारीक केलेलं मांस द्या.