साडीचा काठ

बाईंच्या सुनेला पहिली शंका आली ती निऱ्या धरताना. साडी उजवीकडे जमिनीला लागायची. दोनदा सोडून तिने परत नेसवली. मग तिच्या लक्षात आलं की साडी बरोबर आहे, पायच आखूड झालाय.

बाई सत्त्याहत्तर वर्षांच्या. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळांत जन्म गेलेला, त्यामुळे वॉर्डातही कुणी त्यांना नावाने हाक मारली नाही, नुसतं 'बाई'. दोन्ही गुडघे २००६ साली बाहेरगावी बदलून घेतलेले. मी हाडांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये स्क्रब सिस्टर आहे, म्हणजे सर्जनच्या हातात हत्यारं देणारी. रिव्हिजनची, म्हणजे बसवलेला सांधा काढून पुन्हा बदलायची, केस असली की आदल्या संध्याकाळी पेशंटला भेटून येते. तसा नियम नाही, माझी सवय.

"दुखत नव्हतं हो सिस्टर," बाई म्हणाल्या. "दुखलं असतं तर आले नसते का?"

उजवा पाय गुडघ्यात बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखा वाकला होता. जूनच्या पहिल्या पावसात व्हरांड्याच्या पायरीवर गुडघा लचकला, म्हणून मुलाने उचलून आणलं. नाहीतर चवथीला गणपतीच्या वर टांगायची फळांची माटोळी बांधून झाल्याशिवाय त्या घरातून हलल्या नसत्या.

एक्सरेत मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला काळसर डाग दिसत होता, पण समोरून धातूचा भाग आड येतो. सीटी स्कॅनमध्ये खरी पोकळी दिसली. गुडघ्यातलं पाणी काढून कल्चरला, म्हणजे जंतू वाढतात का ते बघायला, पाठवलं होतं, त्यात जंतू वाढले नव्हते. तरी आमच्या सर्जनसरांना जंतू नाहीत याची खात्री हवी होती.

पहिल्या वेळच्या गुडघ्याला हत्यारांचे थोडे ट्रे पुरतात. या केसला कंपनीच्या माणसाने इतके ट्रे आणले की एक ट्रॉली भिंतीला लावून ठेवावी लागली. काय सापडेल आणि काय लागेल ते उघडल्याशिवाय कळत नाही.

भूलतज्ज्ञ मॅडम अँटिबायोटिकची सिरिंज भरून थांबल्या होत्या. आधी नमुने, मग औषध. जुन्या व्रणावरूनच छेद घेतला, सांधा उघडला आणि पाटी पुसल्यावर फडक्यातून निथळतं तसं काळपट पाणी बाहेर आलं. सांध्याचं अस्तर जाड आणि करडं झालं होतं. प्रत्येक नमुन्याला मी वेगळा चिमटा दिला, पाच डब्या भरल्या.

मग प्लॅस्टिक निघालं. वरच्या आणि खालच्या धातूमध्ये पॉलिएथिलीनची चकती बसवतात. नवी असते तेव्हा दुधासारखी पांढरी. बाईंची पिवळट झाली होती, वरचे पापुद्रे सुटलेले, आणि आतल्या बाजूला ती झिजून आरपार गेली होती. तिथे धातूवर धातू घासत होता, म्हणून ते काळं पाणी. वाकलेला पाय आणि साडीचा काठ, दोन्हींचा उलगडा तिथे झाला.

वरचा धातूचा भाग सिमेंटने हाडाला चिकटवलेला असतो. तो सुटा करायला एरवी पातळ छिन्न्या, करवती, बराच घाम लागतो. सरांनी दोनदा हलकेच ठोकलं आणि तो हातात आला. कुणी काही बोललं नाही. खाली जिथे हाड हवं तिथे खरवसासारखा मऊ करडा लगदा. क्युरेटने, म्हणजे खरवडायच्या चमच्याने, तो काढला तेव्हा सरांचं बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं.

त्याचं कारण ऐकायला साधं आहे. चालता माणूस एकेक गुडघा वर्षाला साधारण दहा लाख वेळा टेकवतो. प्रत्येक वेळी प्लॅस्टिकचे कण सुटतात, त्यातले पुष्कळसे एक मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून, लहान. शरीरातल्या भक्षक पेशी ते गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत. मग त्या पेशी जे रासायनिक संदेश सोडतात त्यांनी हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात. हाड आतून विरघळत जातं, आणि धातू सैल होईपर्यंत बहुतेकदा दुखत नाही.

पोकळीत टँटलम धातूचा सच्छिद्र शंकू बसवला, वर लांब दांड्याचा नवा सांधा. सिमेंट घट्ट होईपर्यंत पाय धरून नुसतं उभं राहायचं असतं. तेवढ्यात सरांनी शिकाऊ डॉक्टरला कृत्रिम खुबा बसवणाऱ्या ब्रिटिश सर्जन जॉन चार्नलीची गोष्ट सांगितली. त्याने खुब्यात आधी टेफ्लॉन वापरलं, ते भराभर झिजलं. मग टेफ्लॉनचे आणि नव्या पॉलिएथिलीनचे नमुने त्याने स्वतःच्याच मांडीत घालून घेतले. टेफ्लॉनच्या जागी प्रतिक्रिया उठली. १९६२ पासून तो पॉलिएथिलीनकडे वळला. आमच्यापैकी कुणी असलं काही करणार नाही, मी तर मुळीच नाही.

मला मात्र आमचं डिस्चार्ज कार्ड आठवत होतं. त्यावर एक ओळ आहे: 'दुखल्यास दाखवावे.' ही ओळ मी इतकी वर्षं पेशंटला वाचून दाखवत आले. बाईंनी ती अक्षरशः पाळली होती. न दुखणारा गुडघाही ठरावीक काळाने एक्सरेला आणायचा असतो, हे त्यांच्या कार्डावर नव्हतं आणि आमच्याही नाही. मी सरांना म्हटलं, ओळ बदलू या. छापलेले गठ्ठे संपू देत म्हणाले. मी पेनाने लिहायला सुरुवात केली आहे.

चौथ्या दिवशी बाई वॉकर घेऊन दारापर्यंत गेल्या. नमुन्यांत काही वाढलं नव्हतं. त्यांनी चकती बघायला मागितली. मी बंद पिशवीतूनच दाखवली. पिशवीवरूनच त्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "डावा पण दुखत नाही हं."

डाव्याचा एक्सरे झाला होता. धातूच्या कडेला वाटाण्याएवढा काळा ठिपका. तो वाढतोय की बरीच वर्षं तेवढाच आहे, हे ठरवायला जुनी फिल्म हवी होती. सरांनी विचारलं, एखादी असेल का घरी?

"होती ना," बाई म्हणाल्या. "२०१९ च्या डिसेंबरात सूर्यग्रहण झालं, तेव्हा शेजारच्या मुलांना कापून दिली बघायला."

ग्रहण फिल्ममधून बघू नये, हेही सरांनी त्यांना तिथेच सांगितलं.