मेलाटोनिन: किती घ्यायचं यापेक्षा केव्हा

साताऱ्यात आमचं मेडिकलचं दुकान आहे. रात्री नऊनंतर काउंटरवर एक मागणी हमखास येते, "ताई, ती सवय न लागणारी झोपेची गोळी द्या." म्हणजे मेलाटोनिन. परवा आमचे जुने गिऱ्हाईक, निवृत्त शिक्षक, म्हणाले, "तीन मिलिग्रॅमनं काही होईना, आता दहाची द्या." मी विचारलं, "काका, गोळी घेता कधी?" तर म्हणे, अंथरुणावर तासभर तळमळून झालं की.

मेलाटोनिन गुंगीचं औषध नाही, हे मला प्रत्येकाला सांगावंसं वाटतं. अंधार पडला की मेंदूतली पिनिअल ग्रंथी ते सोडते आणि रात्र झाल्याची दवंडी शरीरभर पिटते. हे काम रोजच्या झोपेच्या साधारण दोन तास आधीच सुरू होतं. त्यामुळे अकराला झोपणाऱ्यानं मध्यरात्री गोळी वाढवून फारसं साधत नाही. सकाळी अंग जड मात्र होऊ शकतं.

वेळ पाळली तर काय होतं, ते अंध व्यक्तींमध्ये दिसलं. डोळ्यांना उजेडच कळत नसला की अनेकांची झोप रोज थोडी थोडी पुढं सरकत राहते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात अशा ७ जणांना झोपेच्या तासभर आधी १० मिलिग्रॅम दिलं, आणि ६ जणांची झोपेची लय २४ तासांवर आली. पुढे त्यातल्या तिघांची मात्रा हळूहळू अर्ध्या मिलिग्रॅमवर आणली, तरी लय टिकली! हे वाचल्यापासून मोठ्या आकड्याच्या गोळीवरचा माझा विश्वास उडालाय.

साध्या निद्रानाशात फायदा तुटपुंजा आहे. २०१३ मध्ये १९ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा झोप सरासरी ७ मिनिटं लवकर लागलेली आढळली. महिनोन्‌महिने झोप नसलेल्यांसाठी पहिला उपचार म्हणून डॉक्टर सीबीटी-आय सुचवतात, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलणारी, गोळ्यांविना उपचारपद्धत. त्यात अंथरुणात जागं पडून राहण्याची सवय मोडायला शिकवतात.

रक्त पातळ करायची वॉरफेरिन किंवा मानसिक आजारांवरची फ्लूवोक्सामिन चालू आहे का, हे विचारल्याशिवाय मी स्ट्रिप काढत नाही. फ्लूवोक्सामिननं रक्तातलं मेलाटोनिन कितीतरी पट वाढतं. आणि घोरताना श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, तर गोळी न देता आधी डॉक्टरांकडे पाठवते.