पाऊस ऐकून मोजायचा, तोही पाण्याखाली

पत्र्यावरच्या आवाजावरून आपण सांगतोच ना, भुरभुर आहे की धो धो, तर हेच काम समुद्रात हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखाली ऐकणारा माईक, सोडून करतात. कारण साधा पर्जन्यमापक तिथे लावणार कुठे? जहाजावर लावला तरी वारा थेंब उडवून नेतो, वर खारे शिंतोडे आत जातात ते वेगळंच.

खरी गंमत पुढे आहे. पाण्याखाली थेंब आपटल्याचा आवाज तसा फुटकळच, जोरात वाजतो तो त्यानंतर पाण्यात अडकलेला हवेचा बुडबुडा. बुडबुडा जितका लहान तितका सूर वर, हे गणित मिनार्ट नावाच्या शास्त्रज्ञाने 1933 मध्येच मांडलंय. साधारण 1 मिमीचा बारका थेंब जवळपास दरवेळी असा इवलासा बुडबुडा सोडतो आणि तो 15 किलोहर्ट्झच्या आसपास किणकिणतो. दीड-पावणेदोन मिमीचे थेंब मात्र जवळजवळ गप्प! आणि 2 मिमीच्या वरचे परत बोलायला लागतात, पण जाड्या आवाजात, कारण त्यांचे बुडबुडे मोठे. म्हणजे कुठल्या पट्टीत किती आवाज आहे ते बघायचं, त्यावरून थेंबांचे आकार काढायचे आणि मग तासाला किती मिमी पडला ते. अमेरिकेत जेफ्री नायस्टुएन यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं.

भानगड वाऱ्याची. वारा सुटला की थेंब तिरके पडतात, बारक्यांचा तो 15 वाला सूर बसतो, शिवाय फुटणाऱ्या लाटांचा गोंगाट असतोच, त्यामुळे रिमझिम ओळखणं मला तरी मुसळधार मोजण्यापेक्षा अवघड वाटतं.