'दुरुस्तीसाठी' या एका शब्दापायी

"पावतीवर 'दुरुस्तीसाठी' लिहिलंय. 'जमा' कुठे लिहिलंय?"

२०२४च्या मार्च महिन्यात हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला, की शेवटी शेवटी ठाण्यातल्या हवालदारसाहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला की मीच आधी म्हणून टाकायचो, "नाही लिहिलं साहेब."

मुळात बिघाड पिस्तुलाचा होता. आजोबांचं कोल्ट, पॉइंट ३२, १९०३चं मॉडेल. हॅमर, म्हणजे ठोका देणारा घोडा, स्लाइडच्या (वरच्या सरकत्या भागाच्या) आत दडलेला, मॅगझिनमध्ये (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीत) आठ गोळ्या. अमेरिकी सैन्यात हे जनरल हुद्द्याच्या अधिकाऱ्यांना देत असत, हे आजोबा प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. वारशाने परवाना माझ्या नावावर झाला, त्यात फार काही अडलं नाही. काटोलकडे संत्र्याची बाग आहे, रात्रीबेरात्री तिकडे जावं लागतं, म्हणून ते ठेवलंय. वर्षानुवर्षं बुडावर 'केएफ' छाप असलेल्या, खडकीच्या कारखान्यातल्या गोल टोकाच्या गोळ्या वापरल्या. एकदाही अडकलं नाही.

मग दुकानदाराने हॉलो पॉइंटचा डबा गळ्यात मारला. टोकाला खड्डा असलेली, लागल्यावर पसरणारी गोळी. "भाऊ, आरपार जाऊन मागच्याला लागत नाही, इम्पोर्टेड आहे." मी भुललो. फेब्रुवारीत नेमबाजीच्या रेंजवर गेलो. पहिली सुटली, दुसरी सुटली, तिसरीने नाक खाली घातलं आणि तिथेच रुतून बसली. मॅगझिन बाहेर काढून अंगठ्याने दाबलं तर गोळ्या खालीही जाईनात, वरही येईनात. स्प्रिंगच मेल्यासारखी.

(इथेच सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. अडकल्यावर नळी निशाण्याकडेच ठेवा, बोट ट्रिगरबाहेर, आणि आधी मॅगझिन काढा. आणि तीच ती गोळी पुन्हापुन्हा चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, चढवू नका. दरवेळी नाकावर ठोका बसून शिसं केसात, म्हणजे गोळीच्या पितळी पुंगळीत, मागे सरकतं, आतली जागा कमी होते आणि दाब नको तितका वाढतो. मी हे चार वेळा केलं होतं. शिव्या खाल्ल्या.)

दुकानदाराने न बघताच निदान केलं: "रॅम्प घासावा लागेल. मिल्ट्रीवालं डिझाइन आहे, त्याला गोल गोळीच चालते." रॅम्प म्हणजे मॅगझिनमधून गोळी ज्यावरून वर चढते तो छोटा उतार. गोल गोळीचं म्हणणं तसं खोटं नाही. पसरणारी गोळी युद्धात वापरायची नाही असं १८९९च्या हेग जाहीरनाम्यात ठरलं, आणि ते ठरायला कारण झाली ती आपल्याच कलकत्त्याजवळच्या डमडमची गोळी. त्या काळची पिस्तुलंही गुळगुळीत, गोल, धातूच्या पूर्ण वेष्टनाच्या गोळीसाठीच घडवलेली. खड्डेवाली रुंद नाकाची गोळी रॅम्पवर अडखळू शकते. मला पटलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पिस्तूल दुकानात ठेवलं, पावती घेतली. पावतीवर 'दुरुस्तीसाठी'.

१६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. नागपूरचं मतदान पहिल्याच टप्प्यात, १९ एप्रिलला. परवानाधारकांनी हत्यारं जमा करावीत अशी नोटीस घरी आली. मला वाटलं, आपलं हत्यार परवानाधारक दुकानातच आहे, आर्म्स ॲक्टच्या कलम २१ मध्ये दुकानात जमा करायची सोयही आहे, पावती दाखवू आणि मोकळे होऊ.

कसचं काय. ठाण्यात सांगितलं, दुरुस्तीला दिलेलं हत्यार दुकानदार उद्या तुम्हाला परत देऊ शकतो, जमा केलेलं देऊ शकत नाही. तेव्हा 'जमा' अशी पावती आणा. मुद्दा बरोबर आहे, हे आज शांतपणे लिहिताना कळतं. तेव्हा कळत नव्हतं.

दुकानात गेलो. मालक चारनंतर येणार. चारला गेलो तर दुरुस्तीचं रजिस्टर वेगळं, जमेचं वेगळं, आणि जमेचं रजिस्टर ज्यांच्या किल्लीत ते मुनीमजी पुतणीच्या लग्नाला गोंदियाला. तीन दिवसांनी मुनीमजी आले. नोंद झाली, पावती झाली, त्यावर परवान्याचा नंबर घालायचा राहिला. ठाण्यातून परत. नंबर घातला, तर यूआयएन नाही. पुन्हा परत. यूआयएन म्हणजे देशभरच्या परवान्यांच्या संगणकीय नोंदीतला तुमचा क्रमांक. तो माझ्या परवान्याच्या पुस्तकात दुसऱ्याच पानावर, पेन्सिलीने लिहिलेला होता. शाईने का नाही, हे विचारायची माझ्यात ताकद उरली नव्हती. तो घातला, तर शिक्का अर्धा कागदावर आणि अर्धा दुकानदाराच्या टेबलावर उमटलेला. सात खेपा झाल्या. गाडी उन्हात लावून लावून सीट इतकी तापायची की रुमाल घातल्याशिवाय बसवत नव्हतं.

सातव्या खेपेला हवालदारसाहेबांनी पावती फाइलला लावली आणि चहा मागवला. माणूस वाईट नव्हता. नोटीस आली त्याच दिवशी मी पिस्तूल दुकानातून उचलून ठाण्यात नेऊन दिलं असतं, तर अर्ध्या तासाचं काम होतं. हे मला त्यांनी चहा पिताना सांगितलं.

खरी गंमत पुढे. एप्रिलमध्ये मतदान झाल्यावर दुकानात विचारलं, "रॅम्पचं काम झालं का?" मालक म्हणाले, "आता कसं होणार भाऊ? जमा रजिस्टरात आहे. हात लावता येत नाही."

म्हणजे ४ जूनचा निकाल आणि त्याच्या पुढचा आठवडा होईपर्यंत बसून राहणं. त्याच मे महिन्याच्या शेवटी आपल्या नागपुरात एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश तापमान दाखवलं आणि हवामान खात्याने मग यंत्रातच बिघाड असल्याचं सांगितलं. मी मात्र कूलरसमोर बसून त्या ५६वर मनापासून विश्वास ठेवला.

जूनच्या मध्यावर पिस्तूल हातात आलं. मीच बांधलेलं फडकं, मीच लावलेला रबरबँड, नळीत फेब्रुवारीची काजळी. कोणी उघडूनही पाहिलं नव्हतं. मी ते तिथे परत ठेवलं नाही.

एका ओळखीच्याने दुसऱ्या एका परवानाधारक कारागिराकडे नेलं. सत्तरीचे चाचा. त्यांनी रॅम्पवर करंगळीचं नख फिरवलं आणि म्हणाले, "हे कशाला घासायचं? घासलेलं लोखंड वापस येत नाही." मग बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर काढला. केएफची गोळी २४.८ मिलिमीटर. माझी इम्पोर्टेड २३.२.

"पिस्तूल बिमार नाही बाबू. गोळी बुटकी आहे."

मग त्यांनी समजावलं. पॉइंट ३२ची गोळी वरवर बिनकडेची दिसते, पण बुडाची चकती केसाच्या अंगापेक्षा जराशी रुंद असते, व्यासात साधारण अर्धा मिलिमीटर. ही गोळी ज्याने घडवली त्या ब्राउनिंगने ती तशीच बनवली. मॅगझिन लांब गोळीच्या मापाचं. त्यात बुटकी गोळी भरली की तिला मागेपुढे सरकायला जागा मिळते, आणि धक्क्यासरशी वरच्या गोळीची चकती खालच्या गोळीच्या चकतीमागे जाऊन अडकते. मग स्प्रिंगने कितीही रेटलं तरी वरची गोळी पुढे जात नाही. याला रिमलॉक म्हणतात. त्यांनी नकली गोळ्यांनी करूनही दाखवलं: बुटक्या भरल्या, मॅगझिन लाकडी पाटावर हलकेच टेकवलं आणि माझ्यापुढे धरलं. तेच खाली घातलेलं नाक. मग लांब भरल्या, तसंच टेकवलं, काही झालं नाही.

मॅगझिनच्या मागच्या भिंतीला आतून पातळ पट्टी बसवून ती जागा भरता येते, पण मग लांब गोळी त्यात मावणार नाही. मी नको म्हटलं. स्प्रिंग तेवढी नवी घातली. भरताना प्रत्येक गोळीची चकती खालचीच्या पुढे बसली आहे ना, हे आता बोटाने चाचपतो. चाचांकडे पंचवीस मिनिटं लागली, त्यातली दहा चहाची.

जुलैत रेंजवर केएफच्या चोवीस गोळ्या झाडल्या. एकही अडकली नाही. इम्पोर्टेड डबा दुकानदार परत घेत नाही. तो कपाटात आहे आणि परवान्यावरच्या माझ्या गोळ्यांच्या कोट्यात मोजला जातोय.

ऑक्टोबरमध्ये विधानसभेची आचारसंहिता लागली. या वेळी थेट ठाण्यात गेलो, पिस्तूल दिलं, आणि पावती बाकावरून न उठता शेवटपर्यंत वाचली. 'जमा' लिहिलं होतं. फक्त पिस्तुलाच्या नंबरात ३चा ८ झाला होता.